थिसलगॉर्मच्या होल्डमधले ट्रक

लाल समुद्राच्या उत्तर टोकाशी, सिनाई द्वीपकल्प आणि इजिप्तची मुख्य भूमी यांच्यामधल्या गुबालच्या सामुद्रधुनीत, शाब अली नावाच्या प्रवाळखडकालगत सुमारे ३० मीटर पाण्यात एक ब्रिटिश मालवाहू जहाज बसलेले आहे. एस. एस. थिसलगॉर्म हे त्याचे नाव. बुडालेल्या जहाजांवर डायव्हिंग करणाऱ्यांमध्ये हे नाव ऐकले नाही असा माणूस सापडणे कठीण, आणि या प्रसिद्धीचे कारण जहाजापेक्षा त्याच्या पोटातल्या मालात आहे. बेडफर्ड, मॉरिस, फोर्डसन आणि अल्बियन बनावटीचे लष्करी ट्रक, बीएसए, नॉर्टन आणि मॅचलेस मोटारसायकली, ब्रेन कॅरिअर नावाची पट्ट्यांवर चालणारी हलकी चिलखती वाहने, विमानांचे सुटे भाग, ली-एनफिल्ड रायफली, गमबूट, तोफगोळे आणि रेल्वेची दोन इंजिने असा सगळा माल १९४१ च्या ऑक्टोबरपासून तिथे पडून आहे. ज्यांच्यासाठी तो पाठवला होता त्यांच्यापर्यंत तो कधीच पोहोचला नाही.

तारकर्लीला डायव्हिंग शिकलेल्या आणि गोव्याच्या ग्रँड आयलंडजवळ पहिल्यांदा बुडालेले जहाज पाहिलेल्या माझ्यासारख्या माणसाला थिसलगॉर्मचे आकर्षण आधी छायाचित्रांमुळे वाटले. प्रत्यक्ष जाण्यापूर्वी त्याविषयी जे जे मिळाले ते वाचत गेलो, आणि तेव्हा माझा या जहाजाकडे पाहण्याचा दृष्टिकोन बदलला. तिथे जाणाऱ्या बहुतेकांना ब्रीफिंगमध्ये कुठला ट्रक कुठे आहे आणि कासव कुठे दिसते एवढे सांगितले जाते. हा माल कुठून निघाला, कुठे चालला होता आणि तो न पोहोचल्याने काय झाले, याविषयी दोन वाक्यांपलीकडे कोणी बोलत नाही. हे जहाज म्हणजे युद्धाच्या मधोमध थांबलेली एक रवानगी आहे, आणि ती तशीच वाचली पाहिजे, असे माझे ठाम मत आहे.

सन्डरलंडच्या जोसेफ थॉम्पसन अँड सन्स या गोदीत बांधलेले हे जहाज १९४० मध्ये पाण्यात उतरले. सुमारे १२६ मीटर लांबीचे, वाफेच्या इंजिनाचे हे जहाज अल्बिन लाइन या कंपनीचे होते, आणि बांधणीच्या खर्चाचा काही भाग ब्रिटिश सरकारने उचलला होता, कारण युद्धकाळात मालवाहू जहाजांची गरज लढाऊ जहाजांइतकीच निकडीची होती. अमेरिका, अर्जेंटिना आणि वेस्ट इंडीज अशा तीन सफरी करून झाल्यावर २ जून १९४१ रोजी ते ग्लासगोहून चौथ्या आणि शेवटच्या सफरीवर निघाले. माल जायचा होता अलेक्झांड्रियाला. नकाशा पाहिला तर जिब्राल्टरमधून भूमध्य समुद्रात शिरून थेट जाणे सोपे वाटते, परंतु त्या समुद्रावर तेव्हा जर्मन आणि इटालियन विमानांचा, पाणबुड्यांचा पहारा होता. त्यामुळे ब्रिटनहून इजिप्तला जाणारा बराचसा लष्करी माल आफ्रिकेला संपूर्ण वळसा घालून, केप टाउनला कोळसा भरून, हिंदी महासागरातून एडन आणि लाल समुद्रमार्गे सुएझकडे यायचा. महिनोन् महिने चालणाऱ्या या प्रवासात जहाजातली इंचभर जागाही मोलाची होती, आणि ही गोष्ट होल्डमध्ये, म्हणजे जहाजाच्या पोटातल्या माल ठेवण्याच्या कोठारात, शिरल्यावर जितकी स्पष्ट दिसते तितकी कुठल्याही पुस्तकात दिसत नाही.

सुएझ कालव्यात शिरण्याची परवानगी मिळेपर्यंत थिसलगॉर्मला गुबालच्या सामुद्रधुनीत, नौदलाने सुरक्षित ठरवलेल्या एका जागी नांगर टाकून थांबण्याचा हुकूम झाला. तिथे दोनेक आठवडे ते उभे होते. मोठे प्रवाळखडक आडोशाला असल्यामुळे आणि शत्रूची विमाने इतक्या दक्षिणेला सहसा येत नसल्यामुळे ही जागा निर्धोक मानली जात होती. परंतु क्रीट बेट मे १९४१ मध्ये जर्मनांच्या हाती पडले होते आणि तिथून उडालेली हाइन्केल १११ बॉम्बफेकी विमाने या भागात फिरू लागली होती. ६ ऑक्टोबर १९४१ च्या मध्यरात्रीनंतर अशाच एका विमानाने खाली येऊन जहाजाच्या मागच्या भागात, दारूगोळा ठेवलेल्या होल्डवर दोन बॉम्ब टाकले. त्या दारूगोळ्याचा स्फोट इतका प्रचंड होता की डेकवर बांधलेली रेल्वेची इंजिने उडून समुद्रात पडली आणि जहाजाची पिछाडी बाकीच्या सांगाड्यापासून जवळजवळ तुटली. काही मिनिटांत सगळे पाण्याखाली गेले. कॅप्टन विल्यम एलिस आणि बहुतेक खलाशी वाचले, जवळच असलेल्या एच. एम. एस. कार्लाइल या युद्धनौकेने त्यांना उचलले. नऊ जण मात्र गेले, त्यांत चार खलाशी होते आणि पाच नौदलाचे तोफची.

या रात्रीची एक हकीकत मला फार महत्त्वाची वाटते. अँगस मॅकली नावाचा एक खलाशी सुटकेच्या बेतात असताना त्याला एक तोफची जखमी होऊन डेकवर पडलेला दिसला. मॅकलीच्या पायांत काही नव्हते. तापलेल्या डेकवर आणि काचांच्या तुकड्यांवर चालता येणार नाही म्हणून त्याने कापडाच्या चिंध्या पायांना गुंडाळल्या, आगीतून मागे जाऊन त्या माणसाला उचलून आणले आणि त्याला पाण्यात उतरवले. या कामगिरीसाठी त्याला जॉर्ज मेडल आणि लॉइड्सचे युद्धकालीन शौर्यपदक मिळाले. जहाजाच्या पिछाडीवरची तोफ अजून जागेवर आहे. तिथे पोहोचल्यावर मी नेहमी थांबतो, कारण मेलेल्या नऊ जणांपैकी पाच जणांचे काम याच तोफांच्या आसपास होते.

आता माल कोणासाठी होता याविषयी. थिसलगॉर्म वाटेत असतानाच, सप्टेंबर १९४१ मध्ये, इजिप्त आणि लिबियाच्या वाळवंटात लढणाऱ्या ब्रिटिश फौजांची पुनर्रचना होऊन आठवे सैन्य उभे राहिले. जर्मन सेनापती रोमेलच्या वेढ्यात अडकलेल्या तोब्रुक या लिबियातल्या बंदराची सुटका करण्यासाठी १८ नोव्हेंबर १९४१ रोजी या सैन्याने ऑपरेशन क्रुसेडर ही मोहीम सुरू केली. म्हणजे जहाज बुडाले तेव्हा मोहिमेला दीड महिनासुद्धा उरला नव्हता आणि त्यासाठी लागणारा साठा इजिप्तमध्ये गोळा होत होता. या आठव्या सैन्यात चौथी भारतीय डिव्हिजन होती, आणि तिच्या अकराव्या ब्रिगेडमध्ये पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीची दुसरी पलटण होती. सातारा, कोल्हापूर, रत्नागिरी या भागांतून भरती झालेली ही माणसे. पुढे जून १९४२ मध्ये तोब्रुकच्या आग्नेय बाजूचा मोर्चा याच ब्रिगेडकडे होता, २० जूनला रोमेलचा मुख्य हल्ला आला तो मराठा पलटणीच्याच आघाडीवर, आणि दुसऱ्या दिवशी तोब्रुक पडल्यावर हजारो सैनिकांबरोबर तिचे जवानही युद्धकैदी झाले.

थिसलगॉर्मवरचा अमुक ट्रक मराठा पलटणीला मिळाला असता, असे म्हणण्याचा माझा हेतू नाही. परंतु ती माणसे ज्या सैन्यात लढली त्या सैन्याची ही रसद होती, आणि वाळवंटात रसदीचा अर्थ फार वेगळा असतो. तिथे पाणी, पेट्रोल, दारूगोळा, पीठ, जखमी माणसे, सगळे काही ट्रकनेच हलवावे लागत असे. रेडिओवर बोललेले शत्रूला ऐकू जाण्याची भीती असल्याने लेखी निरोप मोटारसायकलवरचे स्वार पोहोचवत. आपल्याकडे दुसऱ्या महायुद्धाच्या आठवणी बहुधा ब्रह्मदेशाच्या आणि आझाद हिंद सेनेच्या असतात. उत्तर आफ्रिकेत आपली माणसे लढली, कैद झाली, कायमची तिथेच राहिली, हे साताऱ्याच्या अनेक घरांत ठाऊक असले तरी लिहिले फार कमी गेले आहे. म्हणून ज्या मराठी डायव्हरांचा सिनाईच्या किनाऱ्यावरच्या शर्म अल शेखला, जिथून थिसलगॉर्मच्या बोटी निघतात तिथे, जाण्याचा विचार आहे त्यांनी हा संदर्भ बरोबर घेऊन पाण्यात उतरावे, असे मला मनापासून वाटते.

शर्महून निघणाऱ्या बोटी पहाटेच्या अंधारात किनारा सोडतात. शाब अलीला पोहोचायला काही तास लागतात. बोटीवरच मुक्काम करायच्या सफरीत गेले तर मात्र गर्दी येण्यापूर्वी सकाळी लवकर पाण्यात उतरता येते, आणि ते अधिक चांगले. इथल्या पाण्याला ओढ चांगलीच असते. काही वेळा पृष्ठभागावर एका दिशेला आणि खाली दुसऱ्या दिशेला करंट असतो, म्हणून दोर सोडायचा नाही, दोराला धरूनच उतरायचे, हा नियम गाइड पुन्हा पुन्हा सांगतात आणि तो खरोखर पाळावा लागतो. साधारण १५-१६ मीटरवर जहाजाचा नाळेकडचा भाग लागतो. जहाज तळावर जवळजवळ सरळ बसलेले आहे, त्यामुळे ते पाहताना दिशा चुकल्यासारखे वाटत नाही. पहिल्या डाईव्हमध्ये बाहेरून फेरी मारायची, दुसऱ्या डाईव्हमध्ये होल्डमध्ये जायचे, अशी तिथली रीत आहे आणि ती योग्यच आहे, कारण बाहेरून जहाजाची रचना डोक्यात बसली की आत गोंधळ होत नाही.

पुढच्या दोन होल्डांची झाकणे केव्हाच नाहीशी झाली आहेत, त्यामुळे वरून प्रकाश येतो आणि बाहेर पडायची वाट सतत दिसत राहते. प्रत्येक होल्डला वरचा आणि खालचा असे दोन मजले आहेत. दुसऱ्या होल्डच्या वरच्या मजल्यावर कडेकडेने ट्रक उभे आहेत. पहिल्यांदा नजरेस पडते ती एकामागे एक लागलेली बॉनेटची रांग, मग हळूहळू रेडिएटर, मडगार्ड, दरवाजे उकलत जातात. कापडी टप आणि लाकूड गेले आहे, पत्रा ठिकठिकाणी कागदाइतका पातळ झाला आहे, परंतु टायर मात्र अजून टायरच आहेत. एका ट्रकच्या पुढच्या चाकावर टॉर्च धरून मी बराच वेळ पाहत होतो. त्या रबरावरची नक्षी स्वच्छ दिसत होती, तिच्या खाचांत बारीक गाळ बसला होता, आणि कडा कुठेही झिजलेल्या नव्हत्या, कारण हा टायर रस्त्यावर कधी धावलाच नाही.

त्याहून मनात राहतात त्या मोटारसायकली. त्या जमिनीवर उभ्या केलेल्या नाहीत, तर ट्रकच्या हौद्यात चढवलेल्या आहेत, एका हौद्यात शेजारी शेजारी तीन, हँडले एकमेकांना लागतील इतक्या जवळ. रेल्वेच्या पार्सल डब्यात सामान रचणाऱ्या माणसाला ही रचना लगेच ओळखू येईल, कारण रिकामा ट्रक पाठवणे म्हणजे जागा वाया घालवणे, म्हणून ट्रकच्या आत दुसरे वाहन आणि त्याच्या फटींतून आणखी काही. बीएसएची एम २० आणि नॉर्टनची १६ एच ही दोन्ही मॉडेले पाचशे सीसीच्या आसपासची, साध्या बांधणीची आणि रानावनात दुरुस्त करता येतील अशी होती. त्यांच्या सिलेंडरवरचे पंखे, साखळीचे झाकण, सीटखालच्या स्प्रिंगा आजही ओळखू येतात. वाहनांची थोडीफार माहिती असलेल्या माणसाला इथे पेट्रोलच्या टाकीच्या आकारावरून आणि इंजिनाच्या बांधणीवरून कोणती गाडी कोणत्या कंपनीची ते ओळखण्यात डाईव्हचा सगळा वेळ घालवता येईल. बेडफर्डचे ट्रक तर आपल्याकडेही पुढे कित्येक वर्षे रस्त्यांवर धावत होते, त्यामुळे जुन्या पिढीतल्या चालकांना ही नाकाडे परकी वाटणार नाहीत.

पहिल्या होल्डमध्ये गमबुटांचा ढीग आहे. रबर टिकते म्हणून बूट टिकले आहेत. रायफली एकमेकींना चिकटून त्यांचे गठ्ठे झाले आहेत.

स्फोट जिथे झाला तिथला भाग या सगळ्याच्या अगदी उलट आहे. पुढच्या होल्डमध्ये रवानगी जशीच्या तशी दिसते, तर मागे ती विस्कटलेली आहे. वाकलेले पत्रे, विखुरलेले तोफगोळे आणि त्यांच्यात उलटे पडलेले ब्रेन कॅरिअर. सुमारे चार टन वजनाचे हे वाहन पोटावर आभाळ घेऊन पडलेले असते, त्याचे पट्टे आणि चाके वर आलेली असतात, आणि त्यामुळे ते चालते कसे हे सरळ उभ्या गाडीपेक्षा इथे जास्त चांगले कळते. तोफगोळ्यांपासून लांबच राहावे. त्यांतले किती जिवंत आहेत हे बघून ठरवण्याची आपली जागा नाही. रेल्वेची इंजिने जहाजाच्या दोन्ही बाजूंना वाळूत पडली आहेत. स्टॅनिअर या ब्रिटिश रेल्वे अभियंत्याच्या आराखड्यावर बांधलेली ही वाफेची इंजिने त्या भागातल्या रेल्वेसाठी चालली होती. त्यांच्यापर्यंत जायचे तर जहाजाचा आडोसा सोडून ३० मीटरवर उघड्या करंटमध्ये पोहावे लागते, म्हणून परिस्थिती अनुकूल असेल तेव्हाच गाइड तिकडे नेतात. मासे भरपूर आहेत, होल्डच्या तोंडाशी काचेसारख्या पारदर्शक माशांचे थवे आणि डेकवर मोठमोठे गोब्रे.

जहाज बुडाल्यानंतर ते पुन्हा पाहिले गेले १९५० च्या दशकात, जाक-इव्ह कुस्तो या फ्रेंच सागर-संशोधकाच्या चमूने. त्यांनी जहाजाची घंटा, कॅप्टनची तिजोरी आणि एक मोटारसायकल वर काढली. त्यानंतर बराच काळ ते विस्मरणात गेले आणि १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला शर्मच्या डायव्हरांना पुन्हा सापडले. तेव्हापासून जे झाले ते वेदनादायक आहे. सुरुवातीच्या काळातल्या छायाचित्रांत ट्रकांना स्टिअरिंग आहेत, मोटारसायकलींना दिवे आहेत, डॅशबोर्डवर काट्यांच्या तबकड्या आहेत. आज त्यांतले बहुतेक गेले आहे, आणि ते समुद्राने नेलेले नाही. पाठीवरच्या हवेच्या टाकीजवळ लपवून एखादी तबकडी वर आणणारा माणूस ती घरी कपाटात ठेवतो, आणि खाली त्या ट्रकचा अर्थ कायमचा थोडा कमी होतो. शिवाय हे नऊ माणसांचे मृत्युस्थान आहे. त्या जागेवरून वस्तू उचलणे याला चोरी हाच शब्द आहे.

दुसरे नुकसान बोटींमुळे होते. एकाच वेळी अनेक बोटी येतात आणि आपले दोर थेट जहाजाच्या कठड्यांना, खांबांना बांधतात. पाण्याच्या ओढीने बोट मागे खेचली जाते तेव्हा तिचे सगळे वजन ऐंशी वर्षे गंजलेल्या लोखंडावर येते, आणि असे होता होता डेकवरचे कित्येक भाग उपटले गेले आहेत. तिसरे कारण सहसा लक्षात येत नाही. आपण श्वास सोडतो तेव्हा निघालेले बुडबुडे डेकच्या खालच्या बाजूला अडकून हवेचे कप्पे तयार होतात, आणि पाणी व हवा यांच्या सीमेवर लोखंड झपाट्याने गंजते. २००७ च्या सुमारास हेप्का या तिथल्या पर्यावरण संस्थेने ही हवा निघून जावी म्हणून पत्र्यांना भोके पाडली आणि बोटींसाठी तळावर पक्के मुरिंग, म्हणजे दोर बांधण्याच्या जागा, बसवले, मात्र त्यांतले बरेच पुढे निकामी झाले. इतक्या गर्दीच्या ठिकाणी दिवसाला किती बोटी याव्यात यावर बंधन असलेच पाहिजे, आणि त्यामुळे सफर महाग झाली तरी चालेल, असे मला वाटते.

त्यामुळेच २०१७ मध्ये इजिप्तमधल्या आणि ब्रिटनमधल्या विद्यापीठांच्या संशोधकांनी केलेले काम मोलाचे आहे. त्यांनी पाण्याखाली चोवीस हजारांहून अधिक छायाचित्रे घेऊन संपूर्ण जहाजाची आणि आजूबाजूच्या तळाची त्रिमितीय प्रतिकृती तयार केली. त्या तारखेला कुठला ट्रक कुठे होता, कुठला पत्रा शाबूत होता, याची नोंद आता कायम राहील आणि पुढे काय हलले, काय नाहीसे झाले, हे तिच्याशी ताडून पाहता येईल. डायव्हिंग न करणाऱ्यांनाही इंटरनेटवर हे जहाज पाहता येते, होल्डमध्ये डोकावता येते. जाण्यापूर्वी ती प्रतिकृती निवांतपणे पाहिली तर पाण्यातला मोजका वेळ शोधण्यात जात नाही.

युद्धातली वाहने पाण्याखाली इतर ठिकाणीही आहेत. पॅसिफिकमधल्या मायक्रोनेशियातल्या चुक (जुने नाव ट्रुक) बेटांच्या खाजणात फेब्रुवारी १९४४ च्या अमेरिकी हवाई हल्ल्यात बुडालेल्या सान फ्रान्सिस्को मारू या जपानी जहाजाच्या डेकवर हलके रणगाडे अजून आहेत, परंतु ते सुमारे ५० मीटर खोलीवर असल्याने माझ्यासारख्या हौशी डायव्हरच्या आवाक्याबाहेरचे आहेत. वानुआतूमध्ये मिलियन डॉलर पॉइंट या ठिकाणी अमेरिकी सैन्याने युद्ध संपल्यावर परत नेणे परवडत नाही म्हणून ट्रक, बुलडोझर आणि क्रेन स्वतःच समुद्रात ढकलले. जॉर्डनमध्ये अकाबाजवळ २०१९ मध्ये निकामी रणगाडे आणि इतर लष्करी वाहने मुद्दाम बुडवून पाण्याखालचे संग्रहालय उभारले गेले. ही जागा नवशिक्यांसाठी चांगली आहे आणि प्रवाळांना आधारही मिळतो, पण तिथली वाहने रचून ठेवलेली आहेत. थिसलगॉर्ममध्ये ज्या गोदी कामगाराने ग्लासगोत ती तिसरी मोटारसायकल हौद्यात सरकवली त्याच्या हाताचे काम दिसते, आणि हा फरक माझ्या लेखी फार मोठा आहे.

जाणाऱ्यांसाठी थोडे व्यवहाराचे. निदान ॲडव्हान्स्ड ओपन वॉटरचा कोर्स झालेला असावा आणि करंटमध्ये उतरण्याची सवय असावी. नायट्रॉक्स, म्हणजे जास्त ऑक्सिजन असलेली हवा, वापरता येत असेल तर तळाशी जास्त वेळ मिळतो, म्हणून तो कोर्स आधी करून जाणे फायद्याचे ठरते. दोन टॉर्च घ्यावेत. होल्डमध्ये पाय जोराने मारू नयेत, कारण गाळ उडाला की मागून येणाऱ्यांना काहीच दिसत नाही. हातमोजे शक्यतो घालू नयेत, कारण ते घातले की पत्र्याला धरण्याचा मोह होतो. सफर ठरवताना बोटीच्या चालकांना दोर कशाला बांधता हे स्पष्ट विचारावे, आणि जहाजाच्या कठड्याला, असे उत्तर आले तर दुसरी बोट शोधावी.